येरळेची वाळू आणि बळीराजा धरण

१९८२ साली मुंबईचे गिरणीकामगार संपावर गेले आणि त्यांतील कित्येकजण सांगली जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात आपापल्या गावी परतले. गावी दुष्काळ होता. या परतलेल्या कामगारांच्या पुढाकाराने तेथे मुक्ती संघर्ष चळवळ उभी राहिली.

येरळेच्या पात्रातील वाळू सरकार लिलावाने ठेकेदारांस देई. वाळू गेली की पात्रात पाणी मुरत नाही आणि काठच्या विहिरी आटतात, हे शेतकऱ्यांस पुस्तकावाचून ठाऊक होते. बलवडी व तांदुळवाडीच्या ग्रामस्थांनी मागणी केली : वाळूवर गावाचा हक्क असावा, आम्ही बेताने वाळू विकू आणि त्या पैशातून धरण बांधू. सरकारशी दीर्घ झगडा झाला. अखेर बळीराजा स्मृती धरण उभे राहिले.

आम्हांस मोलाचा वाटतो तो पाणीवाटपाचा निर्णय. पाण्याचा वाटा जमिनीच्या एकरांवर ठरला नाही. भूमिहीनांसही तो देण्याचे ठरले. जमीनच नाही, तर पाणी घेऊन तो करणार काय, असे कोणी विचारील. त्याने दुसऱ्याचे शेत वाट्याने करावे, अशी ती योजना होती. उसाला मात्र हे पाणी द्यावयाचे नव्हते. आणि साखर कारखान्यांच्या जिल्ह्यात असे ठरविणे सोपे नव्हते.