घडी काय काम करते? : नाताळच्या कागदी सजावटीचे विवेचन

नाताळच्या कागदी सजावटीची पुस्तके वस्तूंच्या नावांनी मांडलेली असतात. तारा, हिमफूल, घंटा, झाड, देवदूत. ही मांडणी दुकानदाराच्या सोयीची आहे, करणाऱ्याला तिचा फारसा उपयोग नाही. नुसता ताराच घेतला तरी तो निदान तीन-चार रीतींनी होतो आणि त्या रीतींत नावाखेरीज जवळजवळ काहीच समान नसते. एका ताऱ्याला पातळ कागद लागतो, दुसऱ्याला जाड. एक तारा पहिलीतले मूल करते, दुसऱ्यापुढे मोठी माणसे हात टेकतात. म्हणून येथे वर्गवारी वस्तूवरून न करता घडीच्या कामावरून केली आहे. घडी तीन कामे करते. ती आकाराच्या प्रती काढते, ती कागदाला उभे करते, आणि ती कागदाला कागद बांधते. आपली घडी यांतले कोणते काम करते आहे हे ओळखले, की कागद कोणता घ्यायचा आणि चूक कुठे होणार हे आपोआप कळते.

आधी कागदाविषयी थोडेसे. यंत्रावर तयार झालेल्या कागदातले बहुतेक तंतू एकाच दिशेने निजलेले असतात. वर्तमानपत्र उभे फाडले तर सरळ फाटत जाते, आडवे फाडले की वाकडेतिकडे जाते, त्याचे कारण हेच. तंतूंच्या दिशेने घातलेली घडी स्वच्छ बसते. त्यांना आडवी घातलेली घडी खडबडीत होते आणि जाड कागदावर तिच्या माथ्यावरचा रंग तडकतो. तंतू ओळखायला कागद न मोडता नुसता दोन्ही बाजूंनी वाकवून पाहावा. ज्या बाजूने तो कमी विरोध करतो, त्या बाजूच्या घडीला तो राजी असतो. दुसरी गोष्ट दमटपणाची. तंतू ओल शोषतात तेव्हा लांबीत फारसे वाढत नाहीत, रुंदीत फुगतात. कोकणात रात्रभर दवात राहिलेली झालर सकाळी मलूल दिसते, ती त्यामुळे.

प्रती काढणारी घडी

कागद दुमडून एकदा कापला की जितके थर तितक्या प्रती निघतात. हिमफूल हे याचे शुद्ध उदाहरण. आणि बहुतेक घरांत ते चुकीचे होते, हेही सांगितले पाहिजे.

खऱ्या हिमकणाला सहा बाजू असतात. खगोलशास्त्रज्ञ योहानेस केप्लरने 1611 साली प्रागमध्ये आपल्या एका आश्रयदात्याला नववर्षाची भेट म्हणून एक छोटी पुस्तिका लिहून दिली. हिमकण पाच किंवा सात कोनांचे का नसतात, नेहमी सहाच कोनांचे का, हाच तिचा विषय. पाण्याचे रेणू गोठताना षट्कोनी जाळी रचतात हे उत्तर यायला पुढे तीन शतके लागली. एवढे होऊनही आपण खिडकीत टांगतो ते हिमफूल आठ पाकळ्यांचे असते. माझे स्वतःचे पहिले हिमफूल तसेच होते आणि कित्येक वर्षे मला त्यात काही खटकले नाही.

कारण साधे आहे. निम्मे करणे हाताला उपजत येते. कागद निम्मा केला, पुन्हा निम्मा केला, मग मधला काटकोन दुमडून 45 अंशांचा केला, की आठ पाकळ्या ठरल्याच. सहा पाकळ्यांसाठी अर्ध्या वर्तुळाचे म्हणजे 180 अंशांचे तीन सारखे हिस्से करावे लागतात, आणि तिसरा हिस्सा डोळ्यांना दिसत नाही. मात्र 60 अंशांचा कोन घडीनेच, कोनमापकाशिवाय, मिळवता येतो. चौरस कागदाला मधोमध उभी घडी घालून उघडावी. मग खालचा डावा कोपरा बोटाने दाबून ठेवून उजवा कोपरा उचलावा आणि बरोबर त्या मधल्या रेघेवर टेकवावा. तो जिथे टेकेल तो बिंदू आणि खालचे दोन कोपरे मिळून समभुज त्रिकोण होतो, कारण त्याच्या तिन्ही बाजू चौरसाच्या बाजूएवढ्याच असतात. हा त्रिकोण कार्डशीटवर एकदा कापून ठेवला की पुढची सारी हिमफुले त्याच्या मापाने घडी घालून निघतात. अर्धा केलेला कागद मधल्या बिंदूभोवती 60 अंशांच्या तीन हिश्श्यांत दुमडावा आणि ती पुडी पुन्हा निम्मी करावी. आता हातात 30 अंशांची पाचर आणि कागदाचे 12 थर असतात.

कागदाची निवडही या बारा थरांवरून ठरते. झेरॉक्सचा 80 ग्रॅमचा कागद सुमारे एक दशांश मिलिमीटर जाड असतो, म्हणजे बारा थरांचे एक मिलिमीटरहून अधिक होते. कात्री चालवताना वरचे थर सरकतात, आतल्या पाकळ्या बारीक आणि बाहेरच्या जाड निघतात. प्रती काढणाऱ्या घडीला म्हणून नेहमी पातळ कागद हवा, पतंगाचा असला तर उत्तम.

उभे करणारी घडी

पाच टोकांचा ताराही असाच एका कापात निघतो. कागद अर्धा करून मधल्या बिंदूभोवती 36 अंशांच्या पाच हिश्श्यांत पंख्यासारखा दुमडला आणि पाचर तिरकी कापली की झाले. जपानमध्ये 1721 साली छापलेल्या कोड्यांच्या एका पुस्तकात एका कापात आकार काढण्याची करामत आहे. सरळ रेषांनी बनलेला कोणताही आकार योग्य घड्या घालून एकाच सरळ कापात काढता येतो, हे तर विसाव्या शतकाच्या अखेरीस गणितज्ञांनी सिद्धच केले.

पण हा तारा सपाट असतो. नाताळात आपल्याला हवा असतो उठावाचा. टोकांकडे जाणाऱ्या पाच घड्या डोंगरासारख्या वर, खाचांकडे जाणाऱ्या पाच घड्या दरीसारख्या खाली. येथे नवशिक्याची पंचाईत होते. कापलेला तारा उघडून तो टोके चिमटीत धरतो, आणि तारा अर्धा नीट उठतो, अर्धा उलटाच वळतो. त्याला वाटते, आपली घडी चुकली. घडी चुकलेली नसते.

कागदाच्या एका बिंदूतून निघणाऱ्या घड्या मिळून कागद पूर्ण सपाट मिटत असेल, तर डोंगर आणि दऱ्या यांच्या संख्येत नेमका दोनचा फरक असावा लागतो. जपानचे घडीकार जून माएकावा यांच्या नावाने हा नियम ओळखला जातो. आपल्या ताऱ्यात मध्यबिंदूतून दहा घड्या निघतात. कापताना तो सपाट मिटलेला होता, म्हणजे त्यात सहा एका जातीच्या आणि चार दुसऱ्या जातीच्या होत्याच. दुसरा पर्यायच नव्हता. उठावाला मात्र पाच आणि पाच हव्यात. तेव्हा तारा उघडल्यावर काही घड्या उलटवणे अटळ आहे. पंख्यासारखी घडी घातली असेल तर उलटवायच्या घड्या पाच भरतात, सगळ्या ताऱ्याच्या एकाच अर्ध्या भागात. तेवढे केले की तो एकदम उठतो. आणि ज्या नियमाने आपल्याला त्रास दिला तोच आता उपयोगी पडतो. पाच-पाच घड्यांचा बिंदू सपाट मिटूच शकत नाही, म्हणून हा तारा भिंतीवर महिनाभर उठाव धरून राहतो. या कामाला पातळ कागद निरुपयोगी. कार्डशीट घ्यावे, आणि इतके थर एकदम दुमडता येत नसल्याने तारा आधी कापून मग एकेक घडी बोथट सुरीने रेघ ओढून घालावी.

उभ्या करणाऱ्या घडीचा दुसरा प्रकार चुण्यांच्या चकत्यांचा. एक लांब पट्टी पंख्यासारखी दुमडायची, दोन टोके चिकटवायची आणि ते कडे मध्याकडे दाबून चकती करायची. चकती नीट बसत नाही याची तक्रार फार ऐकू येते. तिचे कारण हिशेबात आहे. पट्टीची रुंदी ही चकतीची त्रिज्या होते आणि पट्टीची लांबी तिच्या परिघाला पुरावी लागते, म्हणजे लांबी रुंदीच्या सव्वासहा पटींहून जास्त हवी. ए-4 कागद 297 मिलिमीटर लांब. त्यातून 5 सेंटिमीटर रुंदीची पट्टी कापली तर हिशेबाला 31 सेंटिमीटरांहून अधिक लागतात, म्हणजे ती मुळातच अपुरी. दोन पट्ट्या जोडल्या की लांबी रुंदीच्या सुमारे बारा पट होते आणि चुण्यांना खोली मिळते. चुण्या अंदाजाने एकापुढे एक घालू नयेत. दर घडीला अर्धा मिलिमीटर चुकला तर पंधरा घड्यांत साडेसात मिलिमीटर साचतात. पट्टी निम्मी, पाव, अष्टमांश अशी मोडत गेले तर चूक साचत नाही, प्रत्येक वेळी वाटली जाते.

बांधणारी घडी

तिसरे काम मला सर्वांत मोलाचे वाटते, कारण त्यात डिंकही लागत नाही.

डेन्मार्कमध्ये नाताळच्या झाडावर कागदाची विणलेली हृदये टांगतात, बहुधा लाल-पांढरी, त्यांच्या झेंड्याच्या रंगांची. परीकथाकार हान्स क्रिस्टियन अँडरसन कागद कापण्यातही वाकबगार होता, आणि सर्वांत जुने ज्ञात हृदय त्याच्याच हातचे, 1860 सालचे मानले जाते. रचना अशी : दोन रंगांच्या दोन पट्ट्या मधोमध दुमडायच्या, मोकळी टोके गोल कापायची, आणि घडीच्या बाजूने सारख्या चिरा देऊन जिभा करायच्या. मग एका तुकड्याच्या जिभा दुसऱ्याच्या जिभांत विणायच्या.

चटई विणताना पट्टी दुसरीच्या वरून किंवा खालून जाते. इथे तसे नाही. प्रत्येक जीभ दुपदरी असते. ती दुसऱ्या जिभेच्या दोन पदरांच्या मधून जाते, आणि पुढच्या जिभेला स्वतःच्या दोन पदरांच्या मध्ये घेते. एकदा पोटात शिरायचे, एकदा पोटात घ्यायचे. हे पाळले तर हृदय वरून उघडते आणि त्याची टोपली होते, तीत खाऊ मावतो. एखादी जीभ चटईसारखी वरून गेली की हृदय दिसते तसेच, पण उघडत नाही.

दुसरी चूक चिरेच्या लांबीची. विणलेला भाग चौरस असतो, म्हणून चिरेची लांबी तुकड्याच्या रुंदीएवढी हवी असे वाटते. प्रत्यक्षात ती एक-दोन मिलिमीटर जास्त ठेवावी, कारण विणलेले पदर जाडी खातात आणि शेवटची जीभ जाईपर्यंत जागा उरत नाही. ती शेवटची जीभ ओढताना फाटते, नेमकी तीच. गुळगुळीत कागदावर घर्षण कमी असते, म्हणून आपल्या शाळांत कार्यानुभवाच्या तासाला मिळणारा घोटीव कागद या हृदयाला अगदी योग्य. पहिल्या प्रयत्नाला दोन्हीकडे तीन-तीनच जिभा ठेवाव्यात.

याच कुळातला, पण अवघड, तो फ्रोबेलचा तारा. जर्मनीत तो घरोघर करतात. रुंदीच्या तीसपट लांब अशा चार पट्ट्या निम्म्या दुमडून एकमेकींत अडकवायच्या, की मध्ये चौकोनी वीण होते. मग टोके दुमडून आत सारत आधी आठ सपाट टोके आणि शेवटी दोन्ही बाजूंनी चार-चार उभे शंकू, अशी सोळा टोके. फ्रीडरिश फ्रोबेलने 1837 साली बाड ब्लांकेनबुर्गला लहान मुलांसाठी संस्था काढली आणि 1840 साली तिला किंडरगार्टन हे नाव दिले. कागदाच्या घड्या आणि कागदाचे विणकाम हा त्याच्या शिक्षणक्रमाचा भाग होता. हा तारा त्यानेच शोधला असे मात्र समजू नये. त्याच्या शाळांतून तो पसरला, म्हणून नाव चिकटले. 1851 साली प्रशियाच्या सरकारने किंडरगार्टनवर बंदी घातली, ती 1860 साली उठली. मुलांना कागद दुमडू देण्यात राज्याला काय धोका दिसला असेल!

फ्रोबेलच्या या घड्या भारतातही आल्या आणि येथे त्यांचे गणित झाले. टी. सुंदर राव यांनी 1893 साली मद्रासला घडीच्या भूमितीवर इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केले. किंडरगार्टनच्या साहित्यातल्या रंगीत चौरसांवरून ते सुचल्याचे त्यांनी प्रस्तावनेत लिहिले आहे. पुढे त्याची अमेरिकेतही आवृत्ती निघाली. वर सांगितलेली 60 अंशांची घडी त्यात आहे.

गोव्यात आणि वसईत दारावर लावतात तो मोठा तारा या तिन्ही कामांत बसत नाही, आणि म्हणूनच तो तपासण्यासारखा आहे. गोव्यात त्याला नखेत्र म्हणतात. बांबूच्या काड्यांचे दोन तारे टोकांशी बांधायचे, मध्ये आडकाठ्या सारून ते फुगवायचे आणि वरून पातळ कागद ताणायचा. येथे भार काड्या वाहतात, कागद फक्त उजेड गाळतो. घडी आहे ती कडेला, काडीभोवती चिकटवण्यापुरती. तो आकाशकंदिलाचा सख्खा भाऊ आहे, घडीकामाचा दूरचा नातेवाईक.

सहा जानेवारीला तीन राजांचा सण झाला की सजावट उतरते, तेव्हाही हीच वर्गवारी कामी येते. हिमफुले आणि विणलेली हृदये जाड पुस्तकात घालावीत, पुढच्या वर्षी जशीच्या तशी निघतात. चकत्या सोडवून पट्टीसारख्या मिटवाव्यात. उठावाचा तारा आणि फ्रोबेलचा तारा पुस्तकात घालू नयेत, दाबले की ते मिटत नाहीत, चुरगळतात. त्यांना मिठाईचा रिकामा खोका लागतो.