दोन थरांची डीव्हीडी

साताऱ्यात आपली दहावी झाली तेव्हा घरोघरी व्हिडिओ कॅसेट होती. मी इंजिनिअरिंगला सांगलीला गेले, तोवर सीडी 'राइट' करून मिळू लागली होती. सीडीत ७०० एमबी मावत, म्हणून सिनेमा दोन सीडींत तोडावा लागे. साध्या डीव्हीडीत ४.७ जीबी. पुढे २००४ साली घरच्या संगणकासाठी दोन थरांचे रायटर आले आणि ८.५ जीबी मिळाले. वरचा थर अर्धपारदर्शक असल्याने लेसर त्यातून खालचा थर वाचतो. थर बदलताना सिनेमा क्षणभर अडखळे, तो त्यामुळे.

याच काळात प्रेक्षकच संकलक झाला. 'स्टार वॉर्स'च्या १९९९च्या भागाला एका चाहत्याने घरी कात्री लावली. 'द फँटम एडिट' ही त्याची आवृत्ती २००१च्या सुमारास हातोहात फिरली. टिकली ती प्रतींमुळे. याउलट, आपल्या शेजारच्या कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी काढलेला १९२५चा मूकपट 'सावकारी पाश' आज पाहायला मिळत नाही.

मित्रमैत्रिणींनो, घरी 'राइट' केलेली डीव्हीडी कारखान्यातल्यासारखी छापलेली नसते. तिच्यात माहिती रंगद्रव्यात उमटते आणि ते ऊन, उष्णता, काळ यांनी बिघडते. आपल्या स्नेहसंमेलनाचे चित्रण ज्यांच्या कपाटात असेल, त्यांनी ते या दिवाळीआधी हार्ड डिस्कवर उतरवावे. एक प्रत आपल्याकडे, एक दुसऱ्या गावी. त्यात आता हयात नसलेल्या आपल्या सरांचे, बाईंचे आवाज आहेत.