रत्नागिरीसमोरचा गाळ : मिथेनचा शोध, मॉन्सूनचा इतिहास

रत्नागिरीच्या किनाऱ्यापासून सरळ पश्चिमेला सुमारे ५७० किलोमीटरवर अरबी समुद्राची खोली साडेतीन हजार मीटरवर जाते. 'लक्ष्मी खोरे' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या भागात २०१५ च्या एप्रिल-मे महिन्यांत 'जॉइडेस रिझोल्यूशन' या जहाजाने दोन ठिकाणी समुद्रतळाखाली ११०० मीटरहून अधिक खोल वेध घेतला. दुसरे ठिकाण साधारण राजापूरच्या अक्षांशावर होते. गोव्यातील संशोधक धनंजय पांडे आणि पीटर क्लिफ्ट हे या मोहिमेचे संयुक्त प्रमुख होते.

हेच जहाज २००६ मध्ये वेगळ्या कामासाठी भारतात आले होते. राष्ट्रीय गॅस हायड्रेट कार्यक्रमाची ती पहिली मोहीम. मिथेन हायड्रेट म्हणजे पाण्याच्या रेणूंच्या पिंजऱ्यात अडकलेला मिथेन. दिसायला बर्फासारखा, पण पेट घेणारा. प्रचंड दाब आणि कमी तापमान असेल तरच तो टिकतो. एका घनमीटर हायड्रेटमधून सुमारे १६४ घनमीटर वायू मिळतो. इंधन आयात करणाऱ्या देशाला त्याचे आकर्षण वाटणे स्वाभाविक होते.

मुंबईहून निघालेल्या या मोहिमेचा पहिला वेध पश्चिम किनाऱ्यासमोर, केरळ-कोकण खोऱ्यात घेण्यात आला. तेथे हायड्रेट आढळले नाही. पूर्वेकडील कृष्णा-गोदावरी खोऱ्यात मात्र एका ठिकाणी सुमारे १२८ मीटर जाडीचा हायड्रेटयुक्त थर सापडला.

हायड्रेट ओळखणे सोपे नाही. गाळाचा दंडगोलाकार नमुना, म्हणजे 'कोअर', वर येईपर्यंत दाब कमी होतो आणि हायड्रेट वितळू लागते. वितळताना ते उष्णता शोषून घेते. त्यामुळे उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्यात नमुन्यावर थंड पट्टे दिसतात. शिवाय हायड्रेट तयार होताना मीठ बाहेर टाकले जाते. ते वितळले की गाळातील पाण्याची क्षारता घटते, आणि हायड्रेट नाहीसे झाले तरी त्याचा पुरावा उरतो.

हवामानाचा इतिहास वाचण्याची रीत निराळी. गाळात फोरॅमिनिफेरा या सूक्ष्मजीवांची कवचे असतात. त्यांतील ऑक्सिजनच्या हलक्या-जड अणूंच्या प्रमाणावरून जुन्या समुद्राचे तापमान आणि हिमाच्छादनाचा विस्तार यांचा अंदाज बांधता येतो. चिकणमातीतील खनिजे, वनस्पतींच्या पानांवरील मेणाचे अवशेष यांवरून जमिनीवरील पाऊस आणि हिरवाई कळते. लक्ष्मी खोऱ्यातील बहुतेक गाळ सिंधू नदीने आणलेला आहे. रत्नागिरीसमोरचा समुद्रतळ मुख्यतः हिमालयाच्या मातीने भरला आहे, हे कोकणवासीयांना नवल वाटावे असेच. या गाळानुसार सुमारे ७० ते ७५ लाख वर्षांपूर्वी सिंधूच्या खोऱ्यात गवताळ प्रदेश झपाट्याने पसरला. त्याआधीचे वाचन अवघड आहे, कारण सुमारे १.०८ कोटी वर्षांपूर्वी 'नटराज' नावाने ओळखली जाणारी प्रचंड दरड समुद्राखाली कोसळली आणि थर उलटेपालटे झाले.

मिथेन आणि मॉन्सून हे दोन विषय येथे एकत्र येतात. हिमयुगांच्या अखेरीस हवेतील मिथेन एकाएकी वाढला, हे ध्रुवीय बर्फातील बुडबुड्यांवरून ज्ञात आहे. कॅलिफोर्नियातील सांता बार्बरा खोऱ्याच्या गाळावरून जेम्स केनेट आणि सहकाऱ्यांनी त्याचे खापर समुद्रतळाच्या हायड्रेटवर फोडले. समुद्र तापला, हायड्रेट सुटले आणि तापमान आणखी वाढले, असा त्यांचा तर्क होता. परंतु २००६ मध्ये टॉड सोवर्स यांनी ग्रीनलंडच्या बर्फातील मिथेनमधील हायड्रोजनच्या समस्थानिकांचे प्रमाण मोजले, तेव्हा ते हायड्रेटशी जुळले नाही. पाणथळ जमिनींकडे संशय वळला. उष्ण कटिबंधातील पाणथळ जमिनी मॉन्सूनवर पोसल्या जातात. पाऊस वाढला की तेथे मिथेनही अधिक तयार होतो. म्हणूनच अरबी समुद्राच्या गाळातील पावसाची नोंद मिथेनच्या अभ्यासकांनाही हवी असते.

'जॉइडेस रिझोल्यूशन' २०२४ मध्ये वैज्ञानिक सेवेतून निवृत्त झाले. लक्ष्मी खोऱ्याचे कोअर कोची येथील भांडारात जतन केले आहेत. हे कोची मात्र केरळातील नव्हे, जपानमधील.