लंगडणारा पेंद्या, ताठ पायाचा चेस्टर

गौळणीत कृष्णाच्या मागून येणारा पेंद्या कधी सरळ चालत नाही. एक पाय ओढत, बोबडे बोलत तो येतो आणि गवळणींची वाट अडवण्याच्या साऱ्या बेतात सर्वांत मागे राहतो. तमाशात गण संपला की गौळण लागते आणि गौळणीत पेंद्या हवाच. संतांच्या काल्याच्या अभंगांतूनही हा अडखळणारा सवंगडी मराठी माणसाला भेटत आला आहे. नायकाच्या सोबत्याला शरीराची एखादी खोड चिकटवायची ही युक्ती आपल्याकडे अशी जुनीच. तिचे जगभर गाजलेले आधुनिक उदाहरण मात्र अमेरिकेतील काउबॉयपटांच्या धर्तीवरील दूरचित्रवाणी मालिकांत सापडते.

‘गनस्मोक’ ही मालिका सीबीएस वाहिनीवर १० सप्टेंबर १९५५ रोजी सुरू झाली आणि १९७५ पर्यंत, म्हणजे तब्बल २० हंगाम चालली. त्याआधी १९५२ पासून ती नभोवाणीवर होतीच. नभोवाणीवरील मार्शल डिलनचा मदतनीस चेस्टर हा पार्ली बेअर या नटाचा केवळ आवाज होता. त्याला शरीर असण्याचे कारणच नव्हते. दूरचित्रवाणीवर हे पात्र दिसू लागले तेव्हा अडचण उभी राहिली. मार्शलच्या भूमिकेत ६ फूट ७ इंच उंचीचा जेम्स आर्नेस होता. चेस्टरसाठी निवडलेला डेनिस वीव्हर हाही उंचापुरा, कसलेला खेळाडू. १९४८ च्या ऑलिंपिकसाठी अमेरिकेत झालेल्या निवड चाचणीत डेकॅथलॉन या दहा क्रीडाप्रकारांच्या स्पर्धेत तो सहावा आला होता. असा धडधाकट गडी मार्शलच्या शेजारी उभा असताना गोळीबाराच्या वेळी तो मागे का राहतो, हा प्रश्न प्रेक्षकांना पडणारच.

वीव्हरने त्यावर काढलेला तोडगा म्हणजे चेस्टरचा न वाकणारा पाय. संवादाचा एक शब्दही न खर्चता सारे उलगडले. हा माणूस धावू शकत नाही, म्हणून तो कॉफी उकळतो, निरोप पोचवतो, तुरुंगाच्या दाराशी बसतो. कल्पना सुचायला फार वेळ लागला नसेल, ती निभावणे मात्र जिकिरीचे होते. जिना चढणे, घोड्यावर मांड टाकणे, जमिनीवर पेटवलेल्या शेकोटीपाशी बसणे ही काउबॉयपटातील नेहमीची कामे एक गुडघा न वाकवता वर्षानुवर्षे करायची आणि ती ओढूनताणून केल्यासारखी दिसू द्यायची नाहीत! दहा क्रीडाप्रकारांत तरबेज असलेल्या देहाने न खेळण्याचा हा अकरावा प्रकारही आत्मसात केला. १९५९ मध्ये वीव्हरला साहाय्यक अभिनेत्याचे एमी पारितोषिक मिळाले.

१९६४ मध्ये त्याने मालिका सोडली. त्याची जागा भरून काढणारा फेस्टस हे पात्र केन कर्टिसने उभे केले आणि तेही खोडींच्याच आधारे. एक डोळा बारीक करून बघणे, नाकातून निघणारे हेल काढून बोलणे, दाढीचे खुंट वाढलेला अवतार. हा कर्टिस मुळात गायक होता. टॉमी डॉर्सीच्या वाद्यवृंदात आणि पुढे ‘सन्स ऑफ द पायोनियर्स’ या गायकांच्या गटात गायलेला. आपला घोटलेला, मुलायम आवाज मुद्दाम बिघडवूनच त्याने फेस्टस घडवला. त्याआधीच्या पिढीतील जॉर्ज ‘गॅबी’ हेज दातांची कवळी काढून ठेवून पडद्यावरचा बोळका म्हातारा होई. खासगी जीवनात तो चांगला टापटिपीने राहणारा गृहस्थ होता. या तिघांत समान काय, तर प्रत्येकाने स्वतःजवळ असलेली एकेक चांगली गोष्ट लपवली. दुय्यम पात्राच्या अभिनयाचे हे गमक म्हणावे लागेल. नायकाला अंगचे गुण दाखवायचे असतात, सोबत्याला ते झाकायचे असतात.

मराठी मुलखात या कलेला आणखी एक कारण घडवत गेले. ते म्हणजे अंतर. धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्याच्या कळंब तालुक्यातील येरमाळा येथे येडेश्वरी देवीची चैत्र पौर्णिमेची यात्रा भरते. पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी देवीची पालखी चुन्याच्या रानात जाते आणि भाविक तेथे चुनखडीचे खडे वेचतात. अशा अफाट गर्दीत कोण कोण आहे हे चेहऱ्यावरून कळत नाही. कवड्यांच्या माळा आणि हातातील परडी यांवरून आराधी ओळखावा, पायातील घुंगरांवरून आणि पाठीवर ओढल्या जाणाऱ्या कोरड्यावरून पोतराज ओळखावा. चैत्र-वैशाखातील गावोगावच्या अशा यात्रा-जत्रा हाच तमाशाच्या फडांचाही मुख्य हंगाम. उघड्या मैदानात किंवा तंबूत बसलेल्या शेवटच्या प्रेक्षकाला नटाच्या भुवया दिसत नाहीत. त्याची चाल मात्र दिसते. कॅमेरा चेस्टरच्या चेहऱ्याजवळ जाऊ शकत होता. सोंगाड्याला ती सोय नव्हती. त्याला पहिल्या पावलातच आपण कोण ते सांगणे भाग होते.

म्हणून वगातील राजा कसाही उभा राहिला तरी चालते, त्याचा शिपाई मात्र वाकडाच उभा राहतो. सांगली जिल्ह्यातील कवलापूरच्या खाडे बंधूंनी तर स्वतःचा सारखेपणाच भांडवल केला. लहू आणि अंकुश हे जुळे भाऊ ‘जहरी प्याला’ या वगात काळू आणि बाळू हे हवालदार झाले आणि त्याच नावांनी साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक झाले. येथे खोड कल्पून काढण्याचीही गरज नव्हती, ती जन्मतःच मिळाली होती. तिचा वापर कुठे आणि किती करायचा एवढेच त्यांच्या हाती होते, आणि विनोदाची सारी मदार त्यावरच असते.

दादा कोंडके हे या परंपरेतील वेगळे प्रकरण. वसंत सबनीसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ या लोकनाट्यातील त्यांचा हवालदार रूढ अर्थाने नायकाचा सोबतीच होता. १९७१ च्या ‘सोंगाड्या’मध्ये मात्र सोंगाड्याच नायक झाला. ढगळ अर्धी चड्डी आणि तिची लोंबणारी नाडी घेऊन नाम्या पडद्याच्या मध्यभागी आला तेव्हा मागच्या रांगेतला माणूस पुढे आल्याचे समाधान प्रेक्षकांना लाभले. नायकपद मिळाल्यावरही दादांनी नाडी आत खोचली नाही, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

मुंबई दूरदर्शनवर १९७० च्या दशकाच्या अखेरीस आलेल्या ‘चिमणराव’ मालिकेत हे गणित उलटे मांडलेले दिसते. चिं. वि. जोशींच्या कथांतील चिमणराव हाच मुळी बावळा आणि भित्रा. दिलीप प्रभावळकरांनी खास आवाज आणि अंग चोरून वावरणे यांतून तो उभा केला. साहजिकच खोडींचा वाटा नायकाने घेतल्यावर बाळ कर्वे यांच्या गुंड्याभाऊला धडधाकट राहावे लागले. हातात सोटा आणि वागण्यात बेधडकपणा, एवढीच त्याची ओळख. पण तीही एवढी घट्ट बसली की २०२५ मध्ये कर्वे यांचे निधन झाले तेव्हा बातम्यांत त्यांच्या नावाआधी गुंड्याभाऊच आला.

कर्वे यांच्या वाट्याला आलेली ओळख प्रेमाची होती. कोल्हापूरच्या गणपत पाटील यांच्या वाट्याला आलेली तशी नव्हती. नाच्या हा तमाशातील नर्तिकेचा सोबती. १९२० मध्ये जन्मलेल्या पाटलांनी ‘जाळीमंदी पिकली करवंदं’ या नाटकात हा नाच्या रंगवला आणि पुढे तमाशापटांच्या बहरात, १९६५ च्या ‘केला इशारा जाता जाता’सारख्या चित्रपटांतून, तो मराठी पडद्याचा अविभाज्य भाग झाला. मुरडलेली मान, लचकती कंबर, बोटे ताठ ठेवून वाजवलेली टाळी आणि ‘आत्ता गं बया’ हा उद्गार. हे सारे इतके बेमालूम होते की लोकांनी त्याला अभिनय मानलेच नाही. संसारी, मुलाबाळांचा हा माणूस प्रत्यक्षातही तसाच असणार, असे समजून त्याची टिंगल झाली. त्याची झळ घरच्यांना लागली, मुलांच्या लग्नांतही ती आडवी आली.

चेस्टरच्या पायाशी हे ताडून पाहिले तर फरक कुठे पडतो ते दिसते. वीव्हरने पाय सरळ केला आणि १९७१ मध्ये स्टीव्हन स्पीलबर्गच्या ‘ड्युएल’मध्ये, त्याच सुमारास ‘मॅक्‌क्लाउड’ या मालिकेत तो नायक झाला. लंगडणे हे प्रेक्षकांच्या लेखी दुखापत होते. दुखापत भूमिकेबरोबर उतरवून ठेवता येते. नाच्याची लचक समाजाने माणसाच्या पुरुषत्वाशी जोडली. ती उतरवून ठेवण्याची मुभा त्याने नटाला दिली नाही. त्यात निर्मात्यांनाही तोच साचा हवा होता, त्यामुळे पाटलांना दुसऱ्या तऱ्हेच्या भूमिका जवळजवळ मिळाल्याच नाहीत. ज्या प्रेक्षकाने शिट्ट्या वाजवल्या त्यानेच पुढे बोट दाखवले, असा हा प्रकार.

गणपत पाटील यांचे २३ मार्च २००८ रोजी निधन झाले. आनंद यादवांच्या कादंबरीवर आधारित, रवी जाधव दिग्दर्शित ‘नटरंग’ हा चित्रपट १ जानेवारी २०१० रोजी प्रदर्शित झाला. त्यातील गुणा कागलकरसाठी अतुल कुलकर्णी यांनी आधी पैलवानाचे भरदार शरीर कमावले आणि मग नाच्यासाठी ते उतरवले. त्यामुळे प्रेक्षकांना आधी गुणाची तालमीतली चाल दिसते, नंतर ती बदलताना दिसते, आणि लचक ही शिकून घेतलेली गोष्ट आहे हे वेगळे सांगावे लागत नाही. गणपत पाटलांची पहिली चाल प्रेक्षकांच्या ध्यानात राहिली नव्हती.