घरासाठी डेस्कटॉप घेताय? ‘आय-सेव्हन’च्या स्टिकरला भुलू नका, जनरेशन, एसएसडी आणि बिल बघा

सुरत / प्रतिनिधी

शाळा-कॉलेज सुरू व्हायची वेळ आली किंवा दिवाळीचा बोनस हातात पडला, की उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा भागातल्या मराठी घरांत एक विषय निघतोच : पोरांसाठी कॉम्प्युटर घ्यायचा. नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेरकडचे नातेवाईकही फोन करतात, ‘सुरतला स्वस्त मिळतो ना, तूच बघ एखादा.’

मग ‘आय-सेव्हन, फुल सेट, विंडोज-ऑफिससकट’ अशी जाहिरात दिसते. भाव बघून माणूस खूश होतो. पण त्या सेटमधला प्रोसेसर कोणत्या सालचा, हार्ड डिस्क कसली, बिल कोणत्या नावाचं, हे कोणी विचारत नाही. घरच्या कॉम्प्युटरचे पैसे याच तीन ठिकाणी वाया जातात. म्हणून खरेदीला निघण्याआधी ही माहिती वाचा.

आधी घरातली कामं लिहून काढा

बहुतेक घरांची यादी सारखीच असते : मुलांचा अभ्यास आणि यूट्यूब, ऑनलाइन फॉर्म, गावाकडच्या शेतीचा डिजिटल सहीचा सातबारा काढणं, बँकेचं काम, फोटो साठवणं, थोडं वर्ड-एक्सेल. ज्यांचं जॉबवर्क किंवा साडीचा छोटा व्यापार आहे, त्यांना टॅली किंवा बिलिंगचं सॉफ्टवेअर लागतं. एवढ्या कामाला महागडा गेमिंग कॉम्प्युटर लागत नाही, वेगळं ग्राफिक्स कार्डही लागत नाही.

मूल व्हिडिओ एडिटिंग, ऑटोकॅड किंवा एम्ब्रॉयडरी डिझाइनिंग शिकत असेल तर गोष्ट वेगळी. क्लासवाल्यांकडून त्या सॉफ्टवेअरला काय लागतं ते कागदावर लिहून घ्या आणि मगच दुकानात जा.

डेस्कटॉप की लॅपटॉप?

कॉम्प्युटर घरातून हलणार नसेल, दोन-तीन जण वापरणार असतील, तर डेस्कटॉप बरा. स्क्रीन मोठी मिळते, मान अवघडत नाही, एखादा भाग बिघडला तर तेवढाच बदलता येतो. मूल हॉस्टेलला जाणार असेल किंवा घरात टेबलाला जागाच नसेल, तर लॅपटॉप.

विजेचा हिशोब मोठा नाही. साधा डेस्कटॉप मॉनिटरसकट ८० वॉट धरला आणि रोज पाच तास चालवला, तर महिन्याला १२ युनिट होतात. ३० वॉटचा लॅपटॉप तेवढाच चालवला तर साडेचार युनिट. जागा कमी असेल तर मिनी पीसीही मिळतो. तो मॉनिटरच्या मागे बसतो आणि वीज कमी खातो, पण नंतर भाग बदलायला त्यात फार वाव नसतो.

आकडा वाचायला शिका

‘आय-५ म्हणजे चांगला, आय-७ म्हणजे भारी’ हे अर्धंच खरं. इंटेलच्या या मालिकेत आय-३, आय-५, आय-७ च्या पुढे जो आकडा असतो, त्यात जनरेशन कळते. चार आकडी असेल तर पहिला अंक, दहाव्या जनरेशनपासून पहिले दोन अंक.

- आय-५ ४५९० : चौथी जनरेशन
- आय-५ ८४०० : आठवी जनरेशन
- आय-३ १२१०० : बारावी जनरेशन

आता तुलना बघा. आय-७ ३७७० हा २०१२ चा प्रोसेसर, आय-३ १२१०० हा २०२२ चा. दोघांनाही चार कोर आणि आठ थ्रेड. तरी रोजच्या कामात नवा आय-३ जुन्या आय-७ ला सहज मागे टाकतो आणि वीजही कमी घेतो. दुकानात मात्र बोर्डावर ‘आय-७’ मोठ्या अक्षरात असतं आणि ३७७० हा आकडा कुठेच नसतो.

जनरेशनचा दुसरा मुद्दा विंडोजचा. विंडोज १० चा सर्वसाधारण सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरकर्त्यांना दिलेली जादा सुरक्षेची सोय १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतचीच. विंडोज ११ ला इंटेलची आठवी किंवा त्यापुढची जनरेशन आणि टीपीएम २.० ही सुरक्षा सोय लागते. एएमडी घेत असाल तर रायझेन ३००० मालिकेच्या खाली जाऊ नका.

‘जुन्या मशीनमध्ये पण विंडोज ११ टाकून देतो’ असं कोणी म्हणालं तर सावध व्हा. जुगाड करून ते चालतं, पण अशा मशीनला अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. बँकेचा पासवर्ड टाकायच्या कॉम्प्युटरवर हा धोका कशाला?

अजून एक छोटं अक्षर : इंटेलच्या नावाच्या शेवटी ‘एफ’ असेल, जसं १२१००एफ, तर त्यात ग्राफिक्स नसतं. वेगळं कार्ड घेतल्याशिवाय स्क्रीनवर काही दिसणार नाही. एएमडीच्या ५००० मालिकेत उलट आहे. तिथे ५६००जी सारखं ‘जी’ असलेलंच घ्यायचं.

रॅम आणि एसएसडी : वेग इथे जाणवतो

जुना कॉम्प्युटर सुरू व्हायला चहा होईपर्यंत वेळ लागतो, त्याचं कारण बहुतेक वेळा फिरती हार्ड डिस्क असते. विंडोज एसएसडीवरच हवी. २५६ जीबी चालेल, ५१२ जीबी असेल तर फोटोंची चिंता नाही. हार्ड डिस्क फक्त बॅकअपसाठी ठेवा.

रॅम किमान ८ जीबी, जमलं तर १६. ‘विंडोज ११ ला ४ जीबी पुरते’ हे कागदावर खरं आहे, पण ब्राउझरच्या दहा टॅब उघडल्या की कळतं. रॅमचे भाव २०२५ च्या शेवटापासून चढले आहेत, त्यामुळे जुनं कोटेशन घेऊन घासाघीस करू नका, त्याच दिवशीचं घ्या. बजेट कमी असेल तर ८ जीबीची एकच पट्टी लावा आणि मदरबोर्डवर दुसरा स्लॉट रिकामा आहे याची खात्री करा. पुढच्या वर्षी तेवढीच पट्टी वाढवता येते.

कोटेशनमध्ये काय नसतं?

लॅपटॉपमध्ये सगळं आत असतं, डेस्कटॉपमध्ये नसतं. कॅबिनेटचा भाव ऐकून पैसे काढले आणि घरी आल्यावर कळलं की वायफायच नाही, असं सर्रास होतं. या गोष्टी वेगळ्या विचारा :

- वायफाय (मदरबोर्डवर नसेल तर यूएसबीचं लावावं लागतं)
- कॅमेरा, माइक, स्पीकर
- कीबोर्ड-माउस
- यूपीएस (घरच्या सेटला ६०० व्हीएचं पुरतं)
- विंडोजचं लायसन्स, तेही बिलावर लिहिलेलं

मॉनिटर २२ ते २४ इंचाचा, १९२० बाय १०८० चा, आयपीएस पॅनेलचा घ्या. मॉनिटर आणि यूपीएसला बीआयएसची नोंदणी सक्तीची आहे. त्यावरचा आर पासून सुरू होणारा नंबर ‘बीआयएस केअर’ ॲपवर टाकून तपासता येतो.

एसएमपीएस म्हणजे पॉवर सप्लाय बिननावाचा घेऊ नका. स्वस्त सेटमध्ये पैसे वाचवायची पहिली जागा तीच असते, आणि तो जळाला तर सोबत मदरबोर्डलाही घेऊन जातो.

विंडोजला पैसे नसतील तर चोरीची कॉपी टाकण्यापेक्षा लिनक्स मिंट वापरा, फुकट आहे. वर्ड-एक्सेलच्या जागी लिब्रेऑफिस चालतं, त्याचे मेनू मराठीतही मिळतात. टॅली लागणार असेल तर मात्र विंडोजच घ्या.

नवीन, असेंबल की सेकंड हँड?

कंपनीचा तयार सेट थोडा महाग पडतो, पण वॉरंटी एकाच कंपनीची असते. असेंबल केलेल्यात प्रत्येक भागाची वॉरंटी वेगळ्या कंपनीची. म्हणून प्रत्येक भागाचा सीरियल नंबर बिलावर हवा. प्रोसेसर ‘बॉक्स’चा की ‘ट्रे’चा हेही विचारा. बॉक्सवाल्याला कंपनीची वॉरंटी असते, ट्रेवाल्याची जबाबदारी विकणाऱ्यावर असते.

ऑफिसमधून निघालेले सेकंड हँड कॉम्प्युटर वाईट नसतात. आठव्या जनरेशनच्या पुढचा, एसएसडी नवी, निदान सहा महिन्यांची लेखी वॉरंटी, या अटींवर घ्यायला हरकत नाही. तिसऱ्या-चौथ्या जनरेशनचा कितीही स्वस्त दिला तरी नको.

बिल : सीमेपलीकडून येणाऱ्यांनी जास्त जपायचं

कॉम्प्युटरवर जीएसटी १८ टक्के. २५,००० च्या मालावर ४,५०० रुपये. ‘बिल नको असेल तर कमी करतो’ हे वाक्य ऐकलं की हा आकडा डोळ्यांसमोर येतो आणि मन डगमगतं. पण ते ४,५०० वाचवून आपण वॉरंटी आणि तक्रारीचा पुरावा, दोन्ही सोडून देतो. हाताने लिहिलेली चिठ्ठी म्हणजे बिल नाही.

नंदुरबार-धुळ्याकडच्यांसाठी दोन गोष्टी. एक, वॉरंटी कंपनीची आहे की दुकानाची? कंपनीची असेल तर जवळच्या सर्व्हिस सेंटरला काम होतं. दुकानाची असेल तर प्रत्येक वेळी कॅबिनेट घेऊन ताप्ती लाइनची गाडी पकडावी लागेल.

दुसरी, खरेदी गुजरातमध्ये केली म्हणून तक्रारही सुरतलाच करावी लागते, असं नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे ग्राहक जिथे राहतो किंवा काम करतो, त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, मुदत दोन वर्षांची. तक्रार ई-जागृती पोर्टलवर ऑनलाइन भरता येते. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून बघा, पुष्कळदा तिथेच मिटतं.

धंद्याच्या नावाने घेणाऱ्यांनी लक्षात ठेवा : सीजीएसटी आणि गुजरातचा एसजीएसटी लागलेल्या बिलाचं क्रेडिट महाराष्ट्रातल्या नोंदणीला मिळत नाही. खरेदीआधी आपल्या करसल्लागाराला विचारा. घरगुती ग्राहकाला याने फरक पडत नाही.

सुरतच्या घरात मशीन कसं जपायचं?

लूम किंवा एम्ब्रॉयडरीच्या खात्याजवळ राहणाऱ्यांच्या घरात धाग्याचे बारीक तंतू उडत असतात. ते कॅबिनेटच्या पंख्यात अडकतात, मशीन तापतं आणि हळू चालतं. दोन-तीन महिन्यांतून एकदा स्विच बंद करून, वायर काढून, ब्रशने पंखे साफ करा.

कॅबिनेट जमिनीवर ठेवू नका. ऑगस्ट २००६ चा पूर सुरतकर विसरलेले नाहीत, आणि लिंबायत भागात खाडीचं पाणी पावसाळ्यात आजही घरात शिरतं. टेबलावर किंवा उंच स्टँडवर ठेवा. महत्त्वाचे कागद, दाखले, फोटो यांची एक कॉपी पेनड्राइव्ह किंवा बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेवा. मशीन परत घेता येतं, फोटो येत नाहीत.

मराठी आणि गुजराती, एकाच कीबोर्डवर

सुरत महापालिकेच्या शाळांत गुजरातीबरोबर मराठी माध्यमही आहे. एकाच घरात मोठी बहीण मराठीत आणि धाकटा गुजरातीत शिकतो, असंही असतं. त्यासाठी वेगळा कीबोर्ड किंवा विकतचं सॉफ्टवेअर लागत नाही. विंडोजच्या ‘टाइम अँड लँग्वेज’ सेटिंगमध्ये दोन्ही भाषा जोडता येतात. २०१९ पासून उच्चाराप्रमाणे टाइप करायचा फोनेटिक कीबोर्डही त्यात आहे.

पण मुलांना शिकवायचंच असेल तर इनस्क्रिप्ट शिकवा. त्यात सगळ्या भारतीय लिप्यांची मांडणी एकसारखी आहे. ‘के’च्या बटणावर मराठीत क, गुजरातीतही क. ‘एल’वर दोन्हीकडे त, ‘जे’वर र. बोटांना एकदा सवय झाली की दोन्ही भाषा येतात.

पैसे देण्याआधी दुकानातच तपासा

१. सेटिंग्ज, सिस्टीम, अबाउट : प्रोसेसरचा पूर्ण आकडा आणि रॅम.
२. कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर, परफॉर्मन्स : डिस्क एसएसडी आहे का, रॅमचे किती स्लॉट भरलेत.
३. सेटिंग्जमध्ये ‘ॲक्टिव्हेशन’ : विंडोज ॲक्टिव्ह आहे का. आणि लायसन्स बिलावर आहे का.
४. पंधरा मिनिटं यूट्यूब लावा : आवाज, पंख्याची घरघर, वायफाय.
५. सगळे यूएसबी पोर्ट पेनड्राइव्ह लावून बघा.
६. सीरियल नंबर बिलाशी जुळवा. बिलाचा मोबाइलवर फोटो काढा.

बजेट कमी पडत असेल तर हा क्रम धरा : आधी आठव्या जनरेशनपुढचा प्रोसेसर आणि एसएसडी, मग चांगला एसएमपीएस, मग मॉनिटर. रॅम नंतर वाढवता येते. रंगीत लाइटचं कॅबिनेट, गेमिंग माउस, कीबोर्डचे दिवे हे सगळं शेवटी, पैसे उरले तरच.