पाणचक्कीपासून बॉयलरपर्यंत

छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे 2023 पूर्वीच्या औरंगाबादेत, पाहुणा आला की त्याला पाणचक्की दाखवल्यावाचून आम्ही सोडत नाही. मलिक अंबराने सतराव्या शतकाच्या आरंभी येथे नहर आणली. पुढे बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यापाशी नहरीच्या पाण्यावर जाते फिरू लागले. पाणी गोड की मचूळ, याची त्या जात्याला फिकीर नव्हती. पाण्याला जोर असला म्हणजे झाले.

1889 साली येथे कापसाची गिरणी उभी राहिली, 1900 च्या सुमारास आगगाडी आली, आणि पाण्याकडून निराळेच काम घेण्याची वेळ आली. आता त्याची वाफ करायची होती. पण आपल्या विहिरींचे जे पाणी पिण्यास चालते, तेच बॉयलरला बाधते. काळ्या कातळातून झिरपताना ते कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचे क्षार घेऊन येते आणि तापताच हे क्षार धातूला चिकटतात. न्हाणीघरातल्या तांब्याच्या बंबात जे पांढरे पूट धरते, तेच हे. हे पूट उष्णता अडवते. अवघ्या 1 मिलिमीटर थराने इंधनाचा खर्च 5 ते 8 टक्के वाढू शकतो, असा अभियंत्यांचा अंदाज आहे. शिवाय थराखालचा पत्रा वाजवीपेक्षा तापून फुगतो, नळ्या फुटतात आणि भट्टीपुढच्या माणसाच्या जिवावर बेतते.

यावर पहिला मोठा उपाय ॲबर्डीनचे प्राध्यापक टॉमस क्लार्क यांनी काढला. पाण्यात चुनाच मिसळून त्यातला चुना खाली बसवण्याच्या कृतीचे पेटंट त्यांनी 1841 साली घेतले. काट्याने काटा काढण्यातलाच हा प्रकार. पुढे 1935 साली इंग्लंडात ॲडम्स व होम्स यांनी कृत्रिम राळेचा मार्ग दाखवला. आजची अशी राळ पाण्यातले कॅल्शियम धरून ठेवते व बदली सोडियम देते. ती थकली की मिठाच्या पाण्याने पुन्हा ताजी होते. पाण्यात विरघळलेला प्राणवायू लोखंडाला गंज आणतो, म्हणून तोही पाणी तापवून आधीच काढून टाकतात.

काम करून निवलेल्या वाफेचे पाणी तर बहुधा शुद्धच असते, आणि ऊनही. ते गटारात न सोडता बॉयलरकडे परत आणले, तर बॉयलरला जाणारे पाणी दर 6 अंशांनी अधिक ऊन होऊन सुमारे 1 टक्का इंधन वाचते.

1976 साली जायकवाडीचे लोकार्पण झाले. चिकलठाणा, वाळूज येथे कारखान्यांच्या वसाहती वाढल्या. पाणी पैठणहून येते, कोळसा त्याहून दुरून. दोन्ही विकतचे, आणि अवर्षणाच्या साली त्याच धरणाकडे गावाचेही डोळे लागलेले असतात. म्हणून इंधनाची काटकसर भट्टीपाशी नव्हे, तर पाण्याच्या टाकीपाशी सुरू होते, असे आम्हांस वाटते. पाणचक्कीने पाण्याचा जोर तेवढा घेतला आणि पाणी पुढे जाऊ दिले. बॉयलरला तितके साधणार नाही; परंतु परत आणता येण्यासारखे पाणी वाया न दवडणे, एवढे तरी आपल्या हाती आहे.