सोमवारची पोटदुखी

लढायांचे इतिहास पुष्कळ झाले, तहांचेही झाले. परंतु शाळेच्या घंटेबरोबर सुरू होणाऱ्या आणि घंटा होऊन गेल्यावर अर्ध्या तासात बऱ्या होणाऱ्या पोटदुखीचा इतिहास कोणी मनावर घेतला नाही. आयुष्य हजेरीपट भरण्यात घालवलेल्या माझ्यासारख्या मास्तराकडेच हे काम यायचे!

दुखणे जुने आहे. ग्रीक कथेतल्या ओडिसियसला ट्रॉयच्या युद्धाला जायचे नव्हते. त्याने वेडाचे सोंग घेऊन नांगर धरला. पॅलामिडीजने त्याचे तान्हे मूल नांगरापुढे ठेवले. बापाने नांगर वळवला आणि वेड तिथेच उतरले. पुढे दुसऱ्या शतकात गेलन ह्या वैद्याने आजाराचे सोंग कसे ओळखावे ह्यावर लिहूनच ठेवले. एका गृहस्थाला सभेचे बोलावणे आले की त्याच्या पोटात कळ उठे आणि सभा पांगली की थांबे. एका गुलामाचा गुडघा मालकाच्या प्रवासाच्या वेळी नेमका सुजला. गेलनने त्याला साधा थंड लेप लावला. असल्या लेपाने खरी कळ थांबत नाही; पण गुलाम तासाभरात म्हणाला, "आता दुखत नाही!" वनस्पतीचा रस चोळून सूज आणली होती. परंतु गेलन तिथे थांबला नाही. त्याने चौकशी केली, तेव्हा कळले की त्या पोराचा जीव गावातल्या एका स्त्रीत गुंतला होता.

आपल्याकडच्या पंतोजींना असल्या परीक्षेची गरज नव्हती. चार थोराड पोरे घरी जात, हातपाय धरून आजाऱ्याला उचलून आणत. 'उचलबांगडी' ती हीच. मग कायदे आले. सयाजीराव गायकवाडांनी 1893 साली अमरेली तालुक्यात सक्तीचे शिक्षण सुरू केले, 1906 साली ते साऱ्या बडोदे संस्थानात नेले. शाहू महाराजांनी 1917 साली कोल्हापुरात तेच केले. 1918 साली मुंबई इलाख्याचा कायदा झाला. कायदा आला की सबब आली. आणि आजारासारखी सोवळी सबब दुसरी नाही.

1866 च्या सुमारास ऑलबट ह्या इंग्रज डॉक्टरने सहा इंची तापमापक केला. त्याआधी फूटभर लांबीची नळी वीस मिनिटे धरावी लागे. आता पाच मिनिटांत निकाल लागू लागला. पोरांनीही उत्तर शोधले: काखेत कांदा, नाहीतर नळी गरम चहात! आयांचा उपाय मात्र ह्या सर्वांहून शहाणा. दुखणे खरेच मानायचे आणि त्याची सगळी पथ्ये पाळायची. मऊ भात, पांघरूण, एरंडेल, आणि संध्याकाळी खेळायला बंदी. मार्क ट्वेनच्या 1876 च्या कादंबरीतला टॉम सॉयर सोमवारी सकाळी विव्हळू लागतो. मावशी शांतपणे त्याच्या हलत्या दाताला रेशमी दोरा बांधते, आणि टॉम दाताविना शाळेत जातो.

पण जिंकून झाल्यावर पुढे काय? माझ्या वर्गातली एक मुलगी दर मंगळवारी पोट धरून बसे. मंगळवार आमच्या गावच्या बाजाराचा. आई भाजी विकायला जाई आणि धाकटा भाऊ हिच्या कडेवर येई. 'घरी माझी गरज आहे' हे सांगण्यापेक्षा 'पोट दुखते' हे सांगणे तिला सोपे वाटे. त्यात घराची अब्रू राही. एरंडेलाने हे दुखणे कसे जाणार? आम्ही भावाला वर्गातल्या सतरंजीवर मागे बसवू लागलो. तो पाटीवर रेघोट्या ओढी. हिची पोटदुखी गेली.

अमेरिकेतल्या ॲडलेड जॉन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1941 साली अशा काही मुलांच्या दुखण्याला 'शाळेची भीती' हे नाव दिले. तिच्या मुळाशी त्यांना आईपासून दूर होण्याची धास्ती सापडली. अशा मुलाचे पोट खरोखर दुखते, सोंग नसतेच. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने छडी बंद केली, हे बरेच झाले. उचलबांगडीने मुलाचे अंग शाळेत येत होते. मूल कुठे होते, हे पंतोजींना कधी कळलेच नाही.

म्हणून पालकहो, पोराचे सोंग जरूर ओळखा, मऊ भातही घाला. पण भात वाढताना जवळ बसून, आवाज न चढवता विचारा, "आज शाळेत काय आहे रे?" गेलनचा अर्धा लेप थंड होता, उरलेला अर्धा म्हणजे ही चौकशी.